‘साहसी’ कोण ? : ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाच्या शीर्षकांतील एका शब्दाचा विचार

१

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांची नात आमच्याकडे शंका घेऊन आली. मुलगी महाविद्यालयांत शिकते. इंग्रजी विषयासाठीं तिला एक अभ्यासपूर्ण निबंध सादर करावयाचा होता. समाजानें स्त्रीपुरुषांस वांटून दिलेल्या भूमिका आणि त्या वांटणींतील न्यायान्याय हा त्याचा विषय. आधारासाठीं तिनें ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ निवडली होती. रोझालिंड ओहॅन्लन यांनीं केलेलें आणि १९९४ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी भाषांतर तिच्या हातांत होतें. मराठी पुस्तकही तिनें ग्रंथालयांतून मुद्दाम काढून आणिलें होतें. तिची शंका अशी कीं, मराठी शीर्षकांत स्त्रिया आणि पुरुष यांत ‘साहसी’ कोण असा प्रश्न आहे, आणि इंग्रजींत त्याच ठिकाणीं ‘दुष्ट’ व ‘अनीतिमान्’ अशा अर्थाचे दोन शब्द आहेत. “आजोबा, साहसी म्हणजे शूर ना ? मग शूर कोण म्हणून विचारणाऱ्या बाईंच्या तोंडीं दुष्ट कोण हा प्रश्न कोणीं घातला ?”

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, साहस शब्दाचा धाडस हा आजचा गोड अर्थ मागाहून बळावला. ताराबाईंच्या काळीं त्या शब्दानें अविचाराचें व निंद्य कृत्य समजत असत. सबब भाषांतर बरोबर आहे. तिनें तें वहींत टिपून घेतलें, चहा घेतला व ती गेली. परंतु रात्रीं मूळ पुस्तक पुन्हां चाळूं लागलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आम्हीं दिलेलें उत्तर अर्धेंच होतें, आणि जें अर्धें राहिलें तेंच महत्त्वाचें होतें. तें राहिलेलें अर्धें येथें मांडावयाचें आहे. यांत आमच्या धंद्याची, म्हणजे संस्कृत शिकविण्याच्या धंद्याची, थोडी झाडतीही घ्यावी लागणार आहे. ती टाळून हा विषय पुरा होत नाहीं.

२

ग्रंथाचा इतिहास बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. तरी पुढील विवेचनासाठीं तो थोडक्यांत सांगतों. ताराबाई वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे तेथील सरकारी कचेरींत हेडक्लार्क होते व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्या भागांत तेव्हां मुलींची शाळा नव्हती. बापूजींनीं आपल्या एकुलत्या एका मुलीस घरींच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविलें. यांतील ‘संस्कृत’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

१८८१ सालीं सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या वधाचा खटला झाला. लोकापवादाच्या भयानें तिनें हें कृत्य केलें होतें. तिला प्रथम फांशीची शिक्षा झाली व अपिलांत ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. या खटल्यानें वर्तमानपत्रांस विषय मिळाला, आणि एका स्त्रीच्या निमित्तानें सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीचे वाभाडे निघूं लागले. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्रांतील अशा लेखनास उत्तर म्हणून ताराबाईंनीं हा निबंध लिहिला. १८८२ सालीं तो पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघाला. प्रती पांचशें, किंमत नऊ आणे. त्याचें स्वागत उपहासानें झालें. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेऊन लिहिलें, तेवढा अपवाद. त्यानंतर ताराबाईंच्या नांवावर दुसरें पुस्तक दिसत नाहीं.

पुढें जवळजवळ शंभर वर्षें हें पुस्तक मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें संपादून पुन्हां छापविलें, तेव्हां तें मृत्युमुखांतून परत आलें असें म्हणावयास हरकत नाहीं. १९९१ सालीं सूझी थारू व के. ललिता यांनीं भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो इंग्रजी संग्रह काढिला त्यांत त्याचा कांहीं भाग आला, आणि १९९४ च्या भाषांतरानें तें परदेशांतील विद्यापीठांतही पोंचलें. म्हणजे आज पुण्यामुंबईची विद्यार्थिनी आपल्याच भाषेंतील हें पुस्तक पुष्कळदां इंग्रजीच्या वाटेनें गांठते. ओहॅन्लन यांचें काम परिश्रमाचें आहे; त्यांची प्रस्तावनाही माहितीनें भरलेली आहे. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. भाषांतरानें शब्दाचा अर्थ पोंचतो. शब्दाचें कूळ पोंचत नाहीं, आणि प्रस्तुत ठिकाणीं सर्व मर्म कुळांत आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

३

शीर्षकांत ‘साहसी’ हाच शब्द ताराबाईंनीं कां योजिला ? ‘पापी’, ‘दुराचारी’, ‘वाईट’ हे शब्द मराठींत तेव्हांही होते, आणि त्यांची लेखणी कडक शब्दांस भिणारी नव्हती. याचें उत्तर निबंधाच्या पोटांतच आहे. भर्तृहरीच्या शृंगारशतकांत स्त्रीनिंदेचा एक प्रसिद्ध श्लोक आहे. तो पंचतंत्रांतही आढळतो. त्यांत स्त्रीला एकामागून एक उपाधि चिकटविल्या आहेत. ती संशयांचा भोवरा, ती अविनयाचें घर, आणि तिसरी उपाधि अशी कीं, ती ‘साहसांचें नगर’. याच क्रमानें स्वर्गाच्या वाटेवरील विघ्नापर्यंत मजल जाते, आणि शेवटीं कवि विचारतो कीं, हें यंत्र निर्माण तरी कोणीं केलें ? ताराबाई हा श्लोक पुढें ठेवून त्यांतील एकेक उपाधि हातांत घेतात व तिला क्रमवार उत्तर देतात. शीर्षकांतील ‘साहसी’ हा शब्द त्या ‘साहसांच्या नगरा’तून आलेला आहे, असें आमचें मत आहे. शीर्षक म्हणजे श्लोकास दिलेलें आव्हान होय. तुम्ही म्हणतां कीं साहसांचें नगर स्त्री. चला, दोघांसही तुलेवर घालूं आणि कोणतें पारडें खालीं जातें तें पाहूं, असा त्याचा भाव आहे.

संस्कृताची जुनी संवय असलेल्या वाचकाच्या कानांत आणखी एक श्लोक वाजेल. चाणक्याच्या नांवावर जी नीतिवचनें चालतात त्यांत स्त्रियांच्या ‘स्वभावज’ दोषांची एक यादी आहे. तींत असत्याच्या पाठोपाठ साहस येतें आणि मग कपट, मूर्खपणा, लोभ, अपवित्रता व निर्दयता हीं येतात. दोन वेगवेगळ्या श्लोकांत साहस हा दोष स्त्रीच्या नांवें लिहिला आहे, तेव्हां ही एका कवीची लहर नसून मुरलेला संकेत आहे हें उघड होतें. भर्तृहरीच्या नांवाखालील कोणते श्लोक मूळचे व कोणते मागाहून शिरले हा प्रश्न कठीण आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं शेंकडों हस्तलिखितें ताडून १९४८ सालीं जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली तीवरून या शतकांचा पाठ किती सैल आहे हें कळतें. परंतु श्लोक कोणाचा हा प्रश्न येथें गौण आहे. तो पाठशाळांत, कीर्तनांत व घराघरांत म्हटला जात होता, आणि म्हणणारे त्यास अनुभवसिद्ध सत्य मानीत होते.

येथें आम्हांस आपल्याविषयीं बोलणें प्राप्त आहे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ शाळेंत संस्कृत शिकविलें. चाणक्याचा तो दोषयादीचा श्लोक आम्ही फळ्यावर लिहीत असूं. कशासाठीं, तर भाववाचक ‘त्व’ प्रत्ययासाठीं ! मूर्ख, अशौच, निर्दय या शब्दांस तो प्रत्यय लागून नामें कशीं होतात हें एकाच श्लोकांत तीनदां दाखवितां येतें. शिक्षकाची सोय होते. वर्गांत उजव्या बाजूच्या बांकांवर मुली बसत. त्याही प्रत्यय ओळखून दाखवीत आणि त्यांस पूर्ण गुण मिळत. श्लोक काय म्हणतो याकडे आम्हीं एकदांही लक्ष वेधिलें नाहीं, व तो खरा आहे काय असें कोणास विचारिलें नाहीं. शृंगारशतकांतील श्लोक तर आम्ही ‘मुलांस योग्य नाहीं’ म्हणून गाळीत असूं. गाळल्यानें श्लोक नाहींसा होत नाहीं व त्याचें उत्तरही दिल्यासारखें होत नाहीं. तें उत्तर बुलढाण्याच्या एका बाईनें १८८२ सालीं लिहून ठेविलें होतें, आणि आम्ही तो श्लोक व्याकरणासाठीं वापरीत होतों.

४

आतां उत्तराची रीत पाहूं. या निबंधाविषयीं एक समज रूढ आहे कीं, तो संतापाचा उद्रेक आहे. भाषा धारदार आहे, परंतु विचाराची जुळणी नाहीं. इंग्रजींतून वाचणाऱ्यास असें वाटणें स्वाभाविक आहे, कारण एकाच दमांत ताराबाई देवाला जाब विचारतात, पुरुषांच्या पेहरावाची थट्टा करतात, आणि ‘मुक्तामाला’ व ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा समाचार घेतात. परंतु वरील श्लोकाच्या खंडनाचा भाग सुटा काढून पाहिला तर त्यांत जी शिस्त दिसते ती न्यायशास्त्राची आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें क्षणभर मान्य करून त्याचा परिणाम तपासणें यास नैयायिक अभ्युपगम म्हणतात. ताराबाई प्रत्येक उपाधीस प्रथम अशी कांहीं मान्यता देतात. स्त्रीचें मन संशयांचा भोवरा आहे ? असेना ! तिला विद्या नाहीं, बाहेरचें जग तिला दिसत नाहीं. तिच्या मनांत नाना शंका उठणारच. पण त्या शंका घरच्या माणसांपुरत्या. पुरुषाच्या मनांतील जाळीं पाहा, सावकारी, फिर्यादी, लबाड्या. तीं पाहून डोळे दिपतात. स्त्री साहसांचें नगर आहे ? तिच्या हातून मोठ्यांत मोठा अपराध कोणता घडतो, तर व्यभिचार. आणि त्याचें बीं प्रथम पेरितो कोण? दोषांची खाण म्हणतां. तर तुरुंगांत जाऊन पाहा, ते कोणीं भरले आहेत? हा त्यांच्या म्हणण्याचा सारांश आम्ही आमच्या शब्दांत दिला आहे. मूळची ठसकेबाज भाषा वाचकांनीं मूळांतच वाचावी.

यावर कोणी म्हणेल कीं, ही तर प्रतिबंदी झाली. ‘तूं चोर’ म्हटल्यावर ‘तूंही चोर’ म्हणणें हें उत्तर नव्हे; त्यानें पहिला चोर निर्दोष ठरत नाहीं. आक्षेप सरळ दिसतो, पण येथें तो लागू पडत नाहीं. श्लोकाचा दावा ‘अमुक स्त्रीनें अमुक अपराध केला’ असा नाहीं. दावा असा आहे कीं, साहस हें स्त्रीचें लक्षण आहे, तिच्या स्वभावांतून उपजलेलें आहे. लक्षण तपासण्याची कसोटी निराळी असते. ज्या वस्तूचें लक्षण सांगितलें तिच्या बाहेर तें आढळलें तर अतिव्याप्तीचा दोष येतो आणि लक्षण फुकट जातें. शिंगें असलेला तो बैल असें म्हटलें तर म्हैस दाखवावी. पुढें वाद नाहीं. ताराबाई म्हैस दाखवितात. जो दोष स्त्रीचा म्हणून सांगतां तो पुरुषांत आढळतो, व अधिक प्रमाणांत आढळतो. तेव्हां तो स्त्रीत्वाचा नव्हे. मग तो कशाचा ? जेथें तो स्त्रींत दिसतो तेथें त्याचें कारण अज्ञान, कोंडमारा व भय हें आहे, असें त्या दाखवितात. स्वभावज दोष आणि परिस्थितिजन्य दोष यांतील हा भेद म्हणजे आजचीं विद्यापीठें ज्यास स्त्रीपुरुषभूमिकांचा अभ्यास म्हणतात त्याचें मूळच नव्हे काय ? तो अभ्यास परदेशांतून शिकून येण्याच्या पुष्कळ आधीं मराठींत, आणि तोही संस्कृत श्लोकाचें खंडन करतांना, लिहिला गेला आहे.

म्हणूनच पुस्तकाचें नांव ‘तुलना’ आहे. तुला म्हणजे ताजवा. स्त्रिया निर्दोष आहेत असें ताराबाई म्हणत नाहींत, व स्त्री आणि पुरुष सर्वथा सारखे आहेत असाही त्यांचा आग्रह नाहीं. दोन्ही पारड्यांस वजनें एकच असावींत एवढें त्यांचें मागणें आहे. बायको मेल्यावर दहावा उलटतो न उलटतो तों नवरा पुन्हां बोहल्यावर चढावयास मोकळा, आणि नवरा मेला तर बायकोनें केशवपनास बसावें, हें ज्या वजनांनीं तोललें जातें तीं वजनें खोटीं आहेत, असा हा सरळ व्यवहारी मुद्दा आहे. श्लोकाच्या अखेरीस कवीनें विचारिलेल्या प्रश्नासही त्यांचें उत्तर आहे. स्त्री कोणीं निर्माण केली म्हणतां ? ज्यानें पुरुष निर्माण केला त्यानेंच. मग एकाच्या वांट्यास सुख आणि दुसरीच्या वांट्यास दुःख कां, असें त्या थेट देवासच विचारतात.

५

साहस शब्दाच्या कुळाचा विचार चालला आहे, तेव्हां धर्मशास्त्रांतील अर्थही पाहिला पाहिजे. व्यवहाराचीं जीं अठरा पदें मनु सांगतो त्यांत साहस हें एक स्वतंत्र पद आहे. सहस् म्हणजे बळ. बळाच्या जोरावर उघडपणें केलेलें कृत्य तें साहस. चोरी आणि साहस यांतील भेद मनूनें आठव्या अध्यायांत सांगितला आहे: धन्याच्या समक्ष, जबरदस्तीनें जें होतें तें साहस, त्याच्या पाठीमागें जें होतें किंवा करून नाकारिलें जातें तें चौर्य. दंडाच्या प्रमाणासही हेंच नांव आहे. प्रथम साहस २५० पणांचा, मध्यम ५०० पणांचा आणि उत्तम साहस १००० पणांचा.

ही व्याख्या हातांत घेऊन विजयालक्ष्मीच्या खटल्याकडे पाहावें. एका विधवेनें लोकांच्या भयानें, लपून, आपलें मूल मारलें. कृत्य घोर आहे, व कायद्यानें त्यास शिक्षा दिली. पण तें बळाच्या जोरावर उजळ माथ्यानें केलेलें आहे काय ? भय आणि लपणें हीं साहसाच्या व्याख्येंत बसत नाहींत. उलट तिला त्या अवस्थेस पोंचवून नामानिराळा राहिलेला पुरुष, आणि तिला पुनर्विवाहाचा कायदेशीर मार्ग १८५६ पासून उघडा असतां तो रूढीच्या बळानें बंद ठेवणारा समाज, यांचें कृत्य मात्र उघड, समक्ष आणि बळाचें आहे. शास्त्राची परिभाषा शब्दशः लाविली तर साहसी कोण या प्रश्नाचें उत्तर ताराबाईंच्या बाजूनें पडतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ताराबाईंनीं हा पारिभाषिक अर्थ मनांत धरून लिहिलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्यापुढें लोकांतला अर्थ व श्लोकांतला शब्द हे होते. वरील विवेचन आमचें आहे. त्याचा भार ग्रंथकर्त्रीवर टाकणें हा संशोधनांतील अपराध होईल. आवडत्या ग्रंथांत आपल्याला हवें तें वाचण्याचा मोह विद्यार्थ्यांस असतो तसा निवृत्त मास्तरांसही असतो.

६

टीकाकारानें दोषही दाखविले पाहिजेत. ताराबाई पुराणांतील स्त्रियांचे दाखले देतात. सत्यवती व कुंती यांच्या विवाहापूर्वींच्या संततीचा दाखला महाभारताच्या आधाराचा आहे. परंतु पांच पति असतां द्रौपदीचें मन कर्णाकडे ओढलें होतें, ही गोष्ट त्या त्याच ओघांत सांगतात. ती जांभूळ-आख्यानासारख्या लोककथेंतील आहे. व्यासांच्या ग्रंथांत तिला थारा नाहीं. ग्रंथप्रामाण्याच्या दृष्टीनें ही चूक होय. तथापि संशोधकास अशी चूक सोन्यासारखी असते. घरांत कोंडलेल्या मराठा कुळांतील बाईस महाभारत कोठून मिळालें, तर पोथीइतकेंच आख्यानांतून, गोंधळांतून व बायकांच्या बोलण्यांतून मिळालें, असा माग या चुकीनें लागतो. त्यांच्याजवळ भर्तृहरीचा श्लोकही आहे आणि जांभळाची गोष्टही आहे. दोन्हींचें वजन त्या सारखेंच धरतात. त्या काळच्या सुशिक्षित स्त्रीचें ज्ञानभांडार कसें घडलें होतें याचा याहून चांगला पुरावा कोणता असूं शकेल ?

दुसरा दोष असा कीं, इंग्रजी राज्याच्या न्यायीपणावर त्यांचा विश्वास फार आहे. विजयालक्ष्मीला फांशी सुनावणारें न्यायासनही त्याच राज्याचें होतें याचा हिशेब त्या पुरता मांडीत नाहींत. तिसरा दोष, वाक्यांचा ओघ मध्येंच वाहवतो, आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी पडते. परंतु प्रस्तावनेंत त्या स्वतःच म्हणतात कीं, मराठ्यांच्या जुन्या चालीप्रमाणें घरांत कोंडून राहिलेल्या स्त्रीचा हा पहिलाच प्रयत्न आहे. पहिल्या प्रयत्नांत इतकें साधलें असतां दुसऱ्यांत काय साधलें असतें, हा विचार मनांत आल्याखेरीज राहत नाहीं. तो दुसरा प्रयत्न झाला नाहीं याचें श्रेय ज्या टीकाकारांस आहे, त्यांनीं तुलनेंतील पुरुषांच्या पारड्यांत आणखी एक वजन टाकिलें.

७

महाविद्यालयीन निबंधांविषयीं दोन शब्द. या विषयावरील निबंधांत बहुधा एक ठराविक सांचा दिसतो. आरंभीं मनूचीं दोन वचनें: तिसऱ्या अध्यायांतलें स्त्रियांच्या पूजेचें आणि नवव्यांतलें त्यांच्या अस्वातंत्र्याचें. पहिलें वचन अभिमान्यास पुरतें, दुसरें निंदकास पुरतें. मग अनंत सदाशिव आळतेकरांच्या १९३८ सालच्या इंग्रजी ग्रंथांतील उतारा, मग सुधारकांचीं नांवें, आणि समाप्ति. यांत स्त्रिया प्रत्यक्ष कशा राहत होत्या हें कोठेंच नसतें.

याचें कारण विधि आणि वृत्त यांची गल्लत. स्मृति काय करावें तें सांगते. काय होत होतें तें सांगत नाहीं. मीमांसकांचा दंडक आहे कीं, जें प्राप्त आहे त्याचाच निषेध संभवतो. ज्या गोष्टीचा निषेध पुनःपुन्हां येतो ती गोष्ट होत असली पाहिजे. तंजावरच्या मराठी राज्यांत अठराव्या शतकांत त्र्यंबकयज्वा यानें ‘स्त्रीधर्मपद्धति’ नांवाचा मोठा संस्कृत निबंध रचिला. पहांटे उठण्यापासून रात्रीं निजेपर्यंत स्त्रीनें काय करावें हें त्यांत क्रमानें सांगितलें आहे. जूलिया लेस्ली यांनीं १९८९ सालीं त्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. ही पोथी वाचून तंजावरच्या स्त्रिया तशाच वागत होत्या असें कोणी अनुमान काढील तर तें फसेल. स्त्रियांस इतकें सविस्तर बजावून सांगण्याची गरज एका पंडितास भासली, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. स्त्रियांच्या बाजूचें बोलणें हवें असेल तर तें स्त्रियांच्या लेखणींतून शोधिलें पाहिजे: महदंबेच्या धवळ्यांत, बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत, १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त आलेल्या मुक्ता साळवे या मुलीच्या निबंधांत, आणि ‘स्त्रीपुरुषतुलने’त.

८

यावरून आमच्या संग्राहक मित्रांस एक विनंति करावयाची आहे. आपण पोथ्या, बखरी, सनदा, ताम्रपट यांच्यामागें जिवाचें रान करतों. कागदाचें वय जितकें अधिक तितकी त्याची किंमत अधिक, हा आपला हिशेब. एकोणिसाव्या शतकांतील छापील चोपड्यांस आपण जुनें मानीत नाहीं. रुमाल सोडला कीं त्या बाजूस काढितों व याद्यांत ‘किरकोळ’ या सदराखालीं घालितों. पांचशें प्रतींचें, नऊ आण्यांचें, एका अप्रसिद्ध बाईचें पुस्तक अशा सदरांत गेलें कीं तें गेलेंच. हस्तलिखितास नकलकार तरी असे. एका पोथीच्या दहा नकला निरनिराळ्या घरीं सांपडत. कमी प्रतींची छापील चोपडी मात्र रद्दींत गेली कीं तिचा वंश खुंटतो. १९७५ सालीं मालशे यांच्या हातीं प्रत लागली नसती तर आज आम्ही हें लिहीत नसतों व ती मुलगीही शंका घेऊन आली नसती.

सबब विनंति अशी कीं, आपापल्या संग्रहांतील १८५० ते १९०० या काळांतील चोपड्या व वर्तमानपत्रांचे सुटे अंक पुन्हां एकदां पाहावेत. विशेषतः १८८१ व १८८२ सालचे. ज्या लेखनास ताराबाईंनीं उत्तर दिलें तें आणि ज्या उपहासानें त्या गप्प झाल्या तो, दोन्ही त्या अंकांतच मिळावयाचीं. वादाची एकच बाजू हातीं असतां निर्णय देणें न्यायाला धरून नाहीं, आणि हें पुस्तक तर न्यायाचेंच आहे. याद्या करतांना स्त्रीचें नांव कर्ती म्हणून, लेखनिक म्हणून किंवा पोथीची मालकीण म्हणून आलें असेल तर तें वेगळें नोंदवावें. ‘किरकोळ’ या सदराचा उपयोग यापुढें सावधगिरीनें करावा.

राहिली गोष्ट त्या मुलीची. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला बोलावून घेतलें व आदल्या दिवशींचें उत्तर अपुरें होतें असें सांगून श्लोक तिच्यापुढें ठेविला. तिनें तो संथपणें वाचला. मग तिनें विचारिलें कीं, हा श्लोक तुम्ही शाळेंत शिकवीत होतां काय ? आम्हीं सांगितलें कीं, हा गाळीत होतों. दुसरा, तसाच, व्याकरणासाठीं शिकवीत होतों. ती कांहीं बोलली नाहीं. तिचा निबंध पुढें पुरा झाला. त्यांत शीर्षकांतील साहसी शब्दावर एक परिच्छेद आहे, आणि तळटीपेंत आमच्या त्या कबुलीचाही उल्लेख आहे. तो काढून टाक असें सांगण्याचा अधिकार आम्हांस आहे असें आम्हांस वाटलें नाहीं. तुलेवर बसावयाचें तर आपलें वजन लपवून चालत नाहीं.